जुन्या रोड बाईकचं मागचं चाक: १२६ की १३०?

हे चाक बघा, आणि ही माझी जुनी स्टीलची फ्रेम. बसवतोय... नाही जात. एवढंसंच अडतंय. जोर लावला तर जाईल आत. आमच्या इंदुरातल्याच एका दुकानात तसंच केलं होतं. ‘बैठ गया भिया!’ म्हणून पैसेही घेतले. पण नंतर चाक काढायचं म्हटलं की दोन माणसं लागायची, एक फ्रेम फाकवायला आणि एक चाक घालायला. सिमरोलच्या घाटात एकटाच पंक्चर झालो, तेव्हा कळलं काय ते.

म्हणून आधी मोजा. फ्रेमच्या ज्या खाचांत मागचं चाक बसतं ते ड्रॉपआऊट. दोन्ही ड्रॉपआऊटच्या आतल्या बाजूंमधलं अंतर... हे बघा, १२६ मिलिमीटर. आता चाक. मधल्या दांडीवर, म्हणजे अॅक्सलवर, दोन्हीकडे आवळलेले हे लॉकनट. या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून त्या लॉकनटच्या बाहेरच्या कडेपर्यंत, १३०. अॅक्सलची टोकं धरून मोजू नका हं, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं.

मागच्या चाकावर पाच दातेरी चकत्या असायच्या, त्या काळात या अंतराचे साधारण १२० मिलिमीटर असायचे. सहा-सात आल्या, १२६ झाले. आठ आल्या, १३०. पुढे नऊ, दहा, अकरा झाल्या तरी १३०च, कारण चकत्या जवळजवळ आल्या आणि चेन बारीक झाली. शिमानो कंपनीच्या आठ स्पीडमध्ये, म्हणजे आठ चकत्यांच्या संचात, दोन चकत्यांत ४.८ मिलिमीटर, दहात ३.९५. म्हणूनच क्लिकवाला शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा दांडा, आणि कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, एकाच स्पीडचे लागतात. जुना, क्लिक नसलेला शिफ्टर असेल तर तुम्ही सुटलात.

आता चाकाचीच एक भानगड. चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांकडे बघा, ज्यात पाना बसतो. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. जागच्या जागी राहिल्या तर आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, त्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, कॅसेट चढणारच नाही.

कॅसेट असेल तर शिमानोची ८, ९ आणि १० स्पीडची रोड कॅसेट एकाच फ्रीहबवर, म्हणजे हबच्या ज्या भागावर कॅसेट सरकवतात त्यावर, बसते. दहाच्या बहुतेक कॅसेटमागे १ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, घालावा लागतो, सातची घातली तर ४.५चा. ११ स्पीडच्या रोड हबचा हा भाग, म्हणजे बॉडी, १.८५ने लांब, तिच्यावर आठ-नऊची घालताना तेवढाच स्पेसर. स्पेसर विसरलात तर कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट अशी... खुळखुळते. ऐकू आलं?

राहिली फ्रेम. स्टील असेल तर दोन्ही बाजूंनी २-२ मिलिमीटर वाकवता येते. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या वाटेला जाऊच नका. माझी महूनाक्याजवळच्या एका फॅब्रिकेटर काकांनी वाकवून दिली, पण ड्रॉपआऊट समांतर आहेत का, हे मीच उभं राहून बघून घेतलं. तिरके राहिले तर अॅक्सलवर ताण येतो आणि एक दिवस ती तुटते.

फ्रेम मधोमध आहे का, ते या दोऱ्याने बघू. एका ड्रॉपआऊटला बांधला, पुढून हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा, परत दुसऱ्या ड्रॉपआऊटला. ताणून. आता सीटट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या नळीपासून, दोऱ्यापर्यंत मोजायचं. उजवीकडे ३१... डावीकडे... ३२.

हं. एक मिलिमीटर. चालतंय मला. आता चाक घालतो, एका हाताने.