गुडघ्यातली कळ

श्रोतेहो, नमस्कार.

धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या आणि कापसाच्या वावरात उकिडव्या बसून निंदण करणाऱ्या आपल्या आया-बहिणी संध्याकाळी गुडघे चोळत म्हणतात, "वंगण संपलं, गुडघा झिजला." हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारी गुळगुळीत, लवचिक कूर्चा म्हणजे नांगराचा फाळ नव्हे. तिच्यात जिवंत पेशी असतात, आणि झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये, त्या पेशींचे वागणेच बदलते.

शरीराच्या जवळजवळ सर्व पेशींत जनुके, म्हणजे प्रथिने तयार करण्याच्या डीएनएमधील सूचना, तीच असतात. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती चालावे, हे डीएनएमधील काही नियंत्रक तुकडे ठरवतात, म्हणूनच एक पेशी हाडाची होते आणि दुसरी कूर्चेची. मोटारपंप विहिरीवर असला तरी त्याची कळ दूर घराच्या ओसरीत असू शकते. तसाच हा तुकडाही जनुकापासून बराच लांब असू शकतो.

गर्भात हातापायांचे सांगाडे आधी कूर्चेचे, अखंड असतात. जेथे सांधा व्हायचा, नेमक्या त्याच पट्टीत जीडीएफ-५ हे जनुक जागे होते. या जनुकाच्या आरंभीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात डीएनएच्या एका अक्षराचा फरक असला तर त्याचे काम मंदावते आणि खुब्याच्या संधिवाताचा धोका वाढतो, असे जपानमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की येथे प्रथिन बिघडलेले नसते, फक्त कमी तयार होते. पुढे २०२० मध्ये संशोधकांनी उंदरांतील याच जनुकाची गुडघ्यासाठीची कळ, म्हणजे नियंत्रक तुकडा, काढून टाकली, तेव्हा गुडघ्याची घडण बदलली आणि संधिवातही झाला. म्हणजे साठीत उठणाऱ्या कळेचे एक मूळ जन्माआधीच्या त्या दुसऱ्या कळेत असू शकते.

मोठेपणी सॉक्स-९ हे जनुक कूर्चेचा मालमसाला तयार करवून घेत असते. दुखापत, दाह किंवा अतिभार यांमुळे कूर्चेचे तंतू तोडणाऱ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, जनुके जोर धरतात. आणि कूर्चेला रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिची डागडुजी फारशी होत नाही.

"आईचे गुडघे गेले, माझेही जाणारच," असे अनेकजणी म्हणतात. पण एका अक्षराचा वाटा लहान असतो; वजन, जुनी दुखापत आणि उकिडवे बसण्याचे तास यांचाही त्यात वाटा आहे. या कळा फिरवून रोग थांबवणारे औषध अद्याप हाती नाही, तोवर निंदताना मधूनमधून उठून चालावे, मांडीचे स्नायू बळकट ठेवावेत आणि गुडघा सुजला किंवा अडकू लागला तर डॉक्टरांना दाखवावा.