द्राक्षाच्या पेटीमागची नोंद

(दृश्य : दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबाग, जानेवारीअखेरची सकाळ. कागदात गुंडाळलेले घड.)

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत ज्या बागांचा माल युरोपला जायचा असतो, त्या बागांत काढणी सुरू होण्यापूर्वी प्रयोगशाळेचा माणूस येतो. तो एकाच वेलीवरचे घड घेत नाही. बागेच्या निरनिराळ्या ओळींत फिरून नमुना गोळा करतो, पिशवीत भरतो, पिशवी सील करतो आणि तिच्यावर त्या प्लॉटचा नोंदणी क्रमांक लिहितो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून बागायतदाराने या जमिनीत जे खत, पाणी, मजुरी आणि कर्ज ओतलेले असते, त्याचे पुढे काय होणार हे या पिशवीच्या अहवालावर ठरते. अहवाल स्वच्छ आला तर माल नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराकडे जातो. कीडनाशकाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर त्या प्लॉटच्या क्रमांकापुढे संगणकावर नकार उमटतो आणि त्या क्रमांकाचा माल युरोपसाठी पॅक करता येत नाही, मग मणी कितीही टपोरा असो आणि साखर कितीही भरलेली असो.

विकसनशील देशातील उद्योग डिजिटल कसे होतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोठ्या शहरांतील कंपन्यांकडे पाहून दिले जाते. आम्ही ते नाशिकच्या द्राक्षांत शोधले, कारण इथल्या लहान बागायतदारांना संगणकीय नोंदीची गरज देशातील अनेक कारखानदारांच्या आधी पडली, आणि ती पडली विषारी अंशांच्या प्रश्नामुळे. इथे डिजिटल व्यवस्था आणि पर्यावरणाची जबाबदारी या दोन गोष्टी एकाच दाराने आल्या.

(दृश्य : जुनी छायाचित्रे, पिंपळगाव बसवंतचा बाजार, मालाच्या पेट्या.)

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदार फार पूर्वीपासून संघटित आहेत. त्यांचा राज्यव्यापी संघ १९६० साली स्थापन झाला आणि १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’च्या रूपाने बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन निर्यातीची वाट धरली. त्या काळात परदेशी बाजाराची मुख्य अट आकार, रंग आणि गोडी यांची होती. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि एका हंगामात सगळ्या उद्योगाची झोप उडाली. ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाने पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मदतीने अंश तपासणीची योजना आखली, आणि २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली.

ग्रेपनेटची रचना समजून घेण्यासारखी आहे. बागायतदार सातबारा आणि प्लॉटचा नकाशा घेऊन कृषी विभागाकडे नोंदणी करतो आणि त्याच्या प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. कृषी अधिकारी बागेची तपासणी करतो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेऊन अहवाल थेट संगणकावर चढवते, अपेडाची मान्यता असलेल्या पॅकहाऊसमध्ये त्या क्रमांकाचा माल भरला जातो, मग ॲगमार्कचे प्रमाणपत्र आणि त्यानंतर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीची नोंद पूर्ण असल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. त्यामुळे युरोपातील एखाद्या पेटीबद्दल तक्रार आली, तर ती पेटी कोणत्या पॅलेटवर होती, कोणत्या पॅकहाऊसमधून निघाली आणि कोणत्या गावातील कोणत्या प्लॉटमध्ये तोडली गेली, इथपर्यंत माग काढता येतो. बागायतदाराच्या खिशात तेव्हा साधा फोन होता आणि फवारणीच्या नोंदी दोनशे पानी वहीत होत्या. पण त्या वहीच्या शेवटच्या टोकाला एक राष्ट्रीय व्यवस्था जोडली गेली होती.

या व्यवस्थेचा अभिमान बाळगायला जागा आहे, परंतु तिची मर्यादाही लवकरच कळली. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. ते कीडनाशक नाही. खरड छाटणीनंतर वेलीची अवास्तव वाढ रोखावी आणि काडीत घड धरावेत म्हणून ते वर्षानुवर्षे वापरले जात होते. ज्या रसायनांची तपासणी आपल्याकडे होत होती, त्यांच्या यादीत ते नव्हते. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एक हजार टन द्राक्षांत जेमतेम पन्नास ग्रॅम. कंटेनर समुद्रात असतानाच सौदे मोडले, बंदरावर माल पडून राहिला, आणि ज्यांनी कर्ज काढून निर्यातीचा माल तयार केला होता, त्या बागायतदारांना आणि निर्यातदारांना त्याची झळ पुढची काही वर्षे सोसावी लागली.

तेव्हा संगणक बंद पडला नव्हता आणि कोणी खोटी नोंदही केली नव्हती. जो प्रश्न यादीत नव्हता, त्याचे उत्तर संगणकाकडे असण्याचे कारणच नव्हते. डिजिटल व्यवस्था उभारताना तिच्यात काय मोजायचे हे कोण ठरवतो, हा मुद्दा २०१० च्या त्या हंगामाने सगळ्या द्राक्षपट्ट्यासमोर ठेवला, आणि आमच्या मते तो आजही पुरता सुटलेला नाही.

(दृश्य : मोहाडी, पॅकहाऊसमधील पट्टा. कात्रीने घड साफ करणाऱ्या महिला.)

या धक्क्यानंतर बागायतदारांना एकेकट्याने हा भार पेलणार नाही हे उमगले. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. इथे पॅकहाऊसमध्ये आलेल्या प्रत्येक क्रेटवर बागेचा कोड असतो आणि तो कोड पेटीपर्यंत, पॅलेटपर्यंत आणि कंटेनरपर्यंत सोबत जातो. २०२२ मध्ये युरोपातील गुंतवणूकदारांच्या एका गटाने या कंपनीच्या ‘सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर’ या उपकंपनीत ३१० कोटी रुपये गुंतवले. शेतकऱ्यांच्या मालकीच्या उद्योगात परदेशातून इतके भांडवल येणे ही साधी गोष्ट नाही. शेकडो बागांचे हिशेब आणि फवारण्या एका जागी तपासता येत नसत्या, तर ते आले असते असे आम्हाला वाटत नाही.

कंपनीचा सभासद झालेल्या बागायतदाराच्या रोजच्या कामात नेमका काय फरक पडतो, हे औषध फवारण्याच्या क्षणी दिसते. पूर्वी डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती वाटली की दुकानदार सांगेल ते औषध टाकीत पडत असे. आता औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि काढणीला उरलेले दिवस या चार गोष्टी मोबाइलवर भराव्या लागतात. एखाद्या औषधाचा ‘पीएचआय’, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यात ठेवायचे अंतर, पाळले जात नसेल तर कंपनीचा कृषी पदवीधर फोन करून थांबवतो. काही बागांत हवामान केंद्रे बसवली आहेत. त्यांतील एक छोटी पट्टी पान किती तास ओले राहिले याची नोंद घेते, कारण डाऊनीचा रोग पानावरच्या ओलाव्याशिवाय पसरत नाही. पान कोरडे आहे आणि पुढचे दोन दिवस कोरडे जाणार आहेत असे कळले, की एखादी फवारणी वाचते. एका फवारणीतून औषध, डिझेल आणि मजुरी असे तिन्ही खर्च वाचतात आणि मातीत जाणारे रसायनही तेवढेच कमी होते.

अर्थात यंत्रालाही हतबल करणारे हवामान असते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने नाशिकच्या बागा झोडपल्या, तेव्हा पानाच्या ओलाव्याचे आकडे कितीही अचूक असले, तरी ट्रॅक्टर चिखलात रुतत होता आणि घड वेलीवरच कुजत होते. तेव्हापासून बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याकडे ओढा वाढला आहे. त्याने पाऊस अडतो आणि फवारण्याही कमी होतात, परंतु एकराचा खर्च काही लाखांत जातो, आणि फाटलेल्या, उन्हाने विरलेल्या त्या प्लॅस्टिकची विल्हेवाट कोणी लावायची हे कोणत्याही नोंदीत लिहिलेले नसते.

(दृश्य : न्हावा शेवा बंदर, रेफर म्हणजे शीत कंटेनर.)

बंदरानंतरचा प्रवासही आता नोंदला जातो. कंटेनरच्या आत ठेवलेले तापमाननोंदीचे उपकरण वाटेतल्या प्रत्येक चढ-उताराची साक्ष देते. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास लांबला आणि भाडे वाढले, तेव्हा माल बागेत बिघडला की जहाजात, या वादात ही नोंद कामी आली. तरीही २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली आणि त्यांचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. यांतला बहुतांश माल महाराष्ट्राचा असतो, आणि महाराष्ट्रात नाशिकचा वाटा सर्वांत मोठा.

हे यश कोणाच्या खांद्यावर उभे आहे, तेही पाहायला हवे. प्रमाणपत्र, तपासणी, नोंदी ठेवणारा माणूस आणि ॲप यांचा खर्च दहा एकरांच्या बागायतदाराला परवडतो. दोन एकरांच्या बागायतदाराला तोच खर्च एकरी कितीतरी जड जातो. तो एखाद्या कंपनीचा सभासद नसेल, तर त्याचा चांगला मालही बागेवर आलेल्या व्यापाऱ्याला ‘लोकल’च्या भावात द्यावा लागतो. नोंदणी सातबारावर होते, म्हणून छाटणीपासून विरळणीपर्यंत, म्हणजे घडातले जादा मणी काढण्यापर्यंत, बाग सांभाळणाऱ्या पण सातबारावर नाव नसलेल्या महिलेची ओळख या व्यवस्थेत उमटतच नाही. आणि या सगळ्या नोंदी साठवल्या कुठे जातात, त्या पाहून उद्या विमा कंपनी हप्ता वाढवणार का किंवा औषध कंपनी जाहिरात धाडणार का, हे विचारण्याची सवय बागायतदारांच्या संघटनांनी आताच लावून घेतली पाहिजे. एकदा दिलेली माहिती परत घेता येत नाही.

(दृश्य : पेठ-सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी, डिपिंगचे काम.)

विरळणी आणि डिपिंगच्या दिवसांत पेठ, सुरगाणा भागातील आदिवासी मजुरांच्या टोळ्या द्राक्षपट्ट्यात येतात. संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा, हात वर करून दिवसभर उभे राहायचे, असे हे काम असते. युरोपातील दुकानसाखळ्या ‘ग्लोबल गॅप’ या चांगल्या शेती पद्धतींच्या प्रमाणपत्राच्या जोडीला आता ‘ग्रास्प’ नावाची पुरवणी मागतात, आणि तिच्यात मजुरांची मजुरी, कामाचे तास आणि सुरक्षितता पाहिली जाते. परंतु टोळी उक्ते काम घेते, पैसे मुकादमाच्या हाती जातात, आणि प्रत्येक मजुराच्या नावापुढे काय लिहायचे हा प्रश्न बागायतदारापुढे उभा राहतो. द्राक्षाच्या मण्यावरील रसायनाचे प्रमाण हजार टनांत पन्नास ग्रॅमपर्यंत शोधणाऱ्या व्यवस्थेला त्या घडाला हात लावणाऱ्या माणसाची मजुरी शोधता येत नाही, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते.

पाण्याची स्थिती याहून अवघड आहे. ठिबक जवळजवळ प्रत्येक बागेत पोहोचले आहे आणि त्याचे श्रेय बागायतदारांचेच आहे. पण ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर नवी बाग उभी राहिली, तर उपसा पूर्वीइतकाच राहतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या अनेक शेततळ्यांत पावसाचे पाणी कमी आणि विहिरी-बोअरचे पाणी जास्त असते. हिवाळ्यात जमिनीखालचे पाणी वर आणून साठवायचे आणि उन्हाळ्यात ते उघड्यावर वाफ होत असताना वापरायचे, असा हा व्यवहार आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, भूजल कायदा २००९ सालचा आहे, आणि प्लॉटनिहाय नोंद ग्रेपनेटकडे तयार आहे. हे तीन धागे वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत आणि त्यांना एकत्र गुंफण्याची सक्ती कोणावरही नाही. रसायनांच्या बाबतीत सक्ती परदेशी ग्राहकाने केली, म्हणून सरकार, प्रयोगशाळा आणि बागायतदार एका पानावर आले.

पाण्याच्या नोंदीची तशी मागणीही आता दारात आली आहे. ‘ग्लोबल गॅप’ची ‘स्प्रिंग’ ही पाण्याविषयीची पुरवणी काही खरेदीदार मागू लागले आहेत. तिच्यात पाण्याचा स्रोत कायदेशीर आहे का, किती उपसले आणि कशासाठी वापरले, याची नोंद दाखवावी लागते. त्यासाठी पंपावर मीटर हवा, मीटरचे वाचन हवे आणि ते भरणारा माणूस हवा. पुष्कळ माल अजूनही कन्साइनमेंटवर जातो आणि त्याचा अंतिम भाव तिकडे विकला गेल्यावरच कळतो, त्यामुळे मीटरसाठी खर्च केलेले पैसे पेटीमागे परत मिळतील की नाही, हे बागायतदाराला आधी सांगणारे कोणीच नसते. राज्य सरकारने ठिबकसाठी जसे अनुदान दिले, तसे पाणी मोजण्यासाठी दिले, शेतकरी कंपन्यांनी हे वाचन सभासदांच्या वतीने भरले आणि खरेदीदारांनी त्या नोंदीचा मोबदला हंगामापूर्वीच्या करारात लिहून दिला, तर हे काम येत्या काही हंगामांत उभे राहू शकते. तपासणीची यादी या वेळी आपण स्वतः करायची की २०१० सारखी ती बंदरावर आपल्याला कळायची, हा निर्णय पुढच्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी बागायतदार संघाच्या आणि कृषी विभागाच्या बैठकीत घेता येण्याजोगा आहे.