अकरावीचं वर्ष चीनमध्ये? बॅग नंतर भरा, आधी शाळेचं वेळापत्रक बघा

नमस्कार मंडळी. चीनमधल्या नानजिंग शहरातून बोलतेय. मागे जो गोंगाट येतोय तो शेजारच्या शाळेचा आहे. दुसरा तास संपला की अख्खी शाळा मैदानात उतरते, वर्गावर्गाच्या रांगा करून पळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत वर्गात जाते. लाउडस्पीकरवर संगीत चालू असतं. ते थांबेपर्यंत मला जरा मोठ्यानंच बोलावं लागणार.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला आहे. आपल्याकडे ‘चीनला शिकायला गेला’ म्हटलं की लोक एमबीबीएस धरून चालतात. पण मला मेसेज येतात ते न्यू जर्सीतल्या, स्टुटगार्टमधल्या मराठी आईवडिलांचे. मुलगी सोळा वर्षांची, शाळेच्या अदलाबदल योजनेतून वर्षभर चिनी कुटुंबात राहून चिनी शाळेत शिकणार. आणि प्रश्न ठरलेला: ‘ताई, बॅगेत काय काय भरू?’

बॅगेचं सांगते, पण शेवटी. गेली काही वर्षं मी इथे अशा मुलांची स्थानिक मदतनीस म्हणून काम करते. शिवाय माझी स्वतःची भाची असंच एक वर्ष इथे काढून गेली. या सगळ्यात मी पाहिलंय ते असं, की मुलं चीनची तयारी करून येतात. भिंत, पांडा, चॉपस्टिक्स सगळं पाठ असतं. चिनी शाळेच्या दिवसाची तयारी मात्र कुणीच करून येत नाही.

तर आधी तो दिवस. (वही कॅमेऱ्यासमोर धरते.) हे भाचीच्या शाळेचं वेळापत्रक. सव्वासातला सकाळचं वाचन, सगळा वर्ग एकदम मोठ्यानं. आठला पहिला तास. मुलं जागेवरच बसतात, शिक्षक बदलतात, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. बाराला जेवण आणि त्यानंतर झोप! खरंच, बाकावर डोकं ठेवून सगळा वर्ग झोपतो. दोनला परत तास. साडेपाचला जेवण, साडेसहाला पुन्हा वर्ग. याला म्हणतात ‘वान त्स्-शी’, संध्याकाळचा स्वाध्याय. तो साडेनऊपर्यंत. शिक्षक समोर बसलेले, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

अमेरिकेत तीनला शाळा सुटते. तिथल्या मुलाला हा कागद जायच्या आधी दाखवा. शाळेकडून मागवून घ्या, नाही मिळाला तर पुन्हा मागा. आणि दुसरी गोष्ट विचाराच: मुलं वसतिगृहात राहतात का? बऱ्याच हायस्कुलांत सोमवार ते शुक्रवार मुलं शाळेतच राहतात. म्हणजे ज्या कुटुंबाबरोबर वर्ष काढायची स्वप्नं पाहिली, ते कुटुंब फक्त शनिवार-रविवारी भेटणार. वाईट असं काही नाही त्यात, पण विमानतळावर उतरल्यावर कळलं तर धक्का बसतो. भाचीला तसंच कळलं. पहिल्याच रविवारी संध्याकाळी यजमान काकूंनी तिच्या हातात बादली, चटई आणि गरम पाण्याचा थर्मास दिला. तिला वाटलं, सहलीला चाललोय.

आता हे सगळं कशासाठी? काओखाओसाठी. बारावीनंतरची प्रवेश परीक्षा, दर वर्षी 7 जूनला सुरू होते. 2025 मध्ये तिच्यासाठी 1 कोटी 33 लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली. आपल्याकडे दहावी-बारावीच्या वर्षात घरातला टीव्ही बंद होतो ना, त्याला तिनानं गुणा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: हायस्कूलच्या तीन वर्षांपैकी पहिल्या वर्षाचा वर्ग मागा, ‘काओ-ई’. दुसरं वर्ष चालेल. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात परदेशी मूल म्हणजे लग्नाच्या गडबडीत आलेला पाहुणा. सगळे चांगलं बोलतात, पण बसायला कुणाला वेळ नसतो.

यजमान भावंडाचंही तेच. शहरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या जन्माच्या वेळी एकच मूल हा नियम चालू होता. दोन मुलांची सर्वांना परवानगी 2016 पासून. त्यामुळे तुमच्या मुलीची ‘चिनी बहीण’ बहुधा एकुलती एक असणार. खोली, बाथरूम, आईचं लक्ष, यातलं काहीच तिनं आजवर कुणाशी वाटून घेतलेलं नाही. आणि डोक्यावर परीक्षा. पहिला महिना ती तुटक वागली तर त्याचा राग धरू नका.

ऑगस्टच्या शेवटी नव्या वर्गाला लष्करी कवायत असते, आठवडा ते दोन आठवडे. हिरवट ठिपक्यांचा गणवेश, उन्हात डावं-उजवं. परदेशी मुलांना बहुतेक शाळा सूट देतात. सूट घेऊ नका. तब्येत बरी असेल तर उभे राहा. वर्गाची दोस्ती त्याच मैदानावर होते, नंतर अभ्यासात कुणाला सवड नाही. आणि तिथे भाषा लागत नाही, शेजारचा वळला की आपण वळायचं.

(संगीत थांबलं. चला, बरं झालं.)

भाषेकडे येते, कारण इथे आपल्या मुलांच्या हातात एक पत्ता आहे आणि ती तो खेळतच नाहीत. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहितात, त्याला पिनयिन म्हणतात. 1958 सालची पद्धत. अमेरिकी मुलं ते इंग्रजीसारखं वाचतात आणि फसतात. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे ब नव्हे, तो आपला प. आणि ‘पी’ म्हणजे फ, ‘फळ’ मधला, ओठ मिटून म्हटलेला. तसंच ‘डी’ म्हणजे त आणि ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा फरक आपण पहिलीत घोकलेला आहे! म्हणून ती राजधानी बीजिंग नाही, पेइ-चिंग. आणि मी राहते ते नान-चिंग.

अजून गंमत. ‘चिंच’ म्हणा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा, हो ना? चिनीत हे दोन्ही च वेगवेगळी अक्षरं आहेत. पिनयिनचा ‘जे’ म्हणजे चिंचेतला पहिला, ‘झेड’ म्हणजे दुसरा. इंग्रजी शाळेतल्या मुलाला हा फरक समजवायला शिक्षकाचा आठवडा जातो. तुमचं मूल घरी मराठी बोलत असेल तर त्याला तो येतोच, फक्त कुणी सांगितलेलं नसतं. पिनयिनचा तक्ता घेऊन देवनागरीत स्वतःच लिहून काढा. एक संध्याकाळ पुरते.

स्वर, म्हणजे ज्या सुरात शब्द म्हणतो त्यावरून अर्थ बदलणं, हे मात्र आपल्याकडे नाही, तिथे रियाज. चार आहेत. पहिला पेटीच्या एका पट्टीसारखा, सपाट. दुसरा ‘काय?’ म्हणताना वर जातो तसा. तिसरा नाखुशीनं ‘बरंऽऽ’ म्हणतो तसा, खाली जाऊन रेंगाळणारा. चौथा म्हणजे ‘गप!’. हे ऐकायला मजेचं वाटतं, पण ‘माय’ तिसऱ्या स्वरात म्हणजे विकत घेणं आणि चौथ्या स्वरात म्हणजे विकणं. बाजारात पहिल्या दिवशी भाची सगळ्यांना आपली पाण्याची बाटली विकत होती.

शब्द किती शिकावेत? एचएसके नावाची चिनी भाषेची परीक्षा असते, तिच्या याद्या आहेत, त्या करा, पण मी आधी शाळेच्या भिंतीवर दिसणारे शब्द शिकवते. विषयांची नावं, कॅन्टीनच्या पाटीवरचे पंधरा-वीस पदार्थ, ‘बंद’, ‘उघडा’, ‘मुलींसाठी’. आणि एक वाक्य, जे रोज शंभरदा लागणार: ‘थिंग पु तुंग’. ऐकलं, पण कळलं नाही. पहिले तीन महिने हेच मुलाचं आडनाव समजा. आणि नानजिंगचे जुने लोक न ला ल म्हणतात, त्यामुळे ते स्वतःच्या शहरालाही ‘लान-चिंग’ म्हणतील. कळलं नाही तर दर वेळी चूक तुमचीच असते असं नाही.

नावावरून आठवलं. शिक्षिका पहिल्या आठवड्यात चिनी नाव देतात. ते घाईनं घेऊ नका, अर्थ विचारा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनमध्ये आले, त्यांचं चिनी नाव ‘ख ती-ह्वा’. शेवटचं ‘ह्वा’ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला ते इथेच गेले, अवघे बत्तीस वर्षांचे होते. श-च्या-च्वांग शहरात त्यांचा पुतळा आहे. वर्गातल्या मुलांना ते माहीत असतीलच असं नाही, पण यजमानांच्या आजोबांना हे नाव सांगून बघा. एका आजोबांनी त्यावर भाचीला जेवणात बदकाचा पाय वाढला होता. मान होता तो.

नानजिंगला येणार असाल तर आणखी एक. 1937 साली 13 डिसेंबरला जपानी सैन्यानं हे शहर घेतलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत इथे लोकांचं जे हत्याकांड झालं, त्याबद्दल येण्याआधी वाचून या. दर वर्षी त्या दिवशी सकाळी 10 वाजून 1 मिनिटाला भोंगे वाजतात. रस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं आहेत तिथे उभी राहतात. 2014 पासून तो राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. भाची त्या दिवशी जपानी अक्षरांचा स्वेटर घालून निघाली होती. इथल्या मुलांनाही जपानी कॉमिक्स आवडतात, इतर दिवशी कुणी काही म्हणालं नसतं. बाकावरच्या मैत्रिणीनं न बोलता स्वतःचं जॅकेट तिला दिलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढायला लावली.

नकाशाचंही तसंच. भारतीय नकाशा असलेली वही, अ‍ॅटलास बॅगेत टाकू नका. दोन्ही देशांच्या नकाशांत सीमा वेगळ्या आहेत आणि इथलं कस्टम असे नकाशे जप्त करतं. सीमेबद्दल वर्गात कुणी विचारलं तर सोळा वर्षांच्या मुलीनं परराष्ट्रमंत्री व्हायची गरज नाही. आमिर खानकडे विषय वळवा. हमखास वळतो.

कागदपत्रं पटकन. 180 दिवसांपेक्षा जास्त शिकायचं तर एक्स-1 व्हिसा. आल्यावर 24 तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, आणि 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. मूल अठराच्या आतलं, म्हणून इथल्या पालकाच्या जबाबदारीचं पत्रही लागतं, ते योजनेवाल्यांकडून वेळेत घ्या. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. अमेरिकेत एकाग्रतेसाठी मुलांना देतात त्यातल्या काही गोळ्यांत अँफेटामाइन असतं, ते चीनमध्ये चालत नाही. अशी गोळी चालू असेल तर निघायच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोला.

फोन. इथे व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, इन्स्टाग्राम बंद. इथलं सगळं वीचॅटवर. आणि भारतानं जून 2020 मध्ये वीचॅटवर बंदी घातली. म्हणजे नात नानजिंगमध्ये, आजी सांगलीत, आणि दोघींच्या फोनवर एकही सामाईक अ‍ॅप नाही! उपाय आहेत. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. किंवा मुलीकडे घरच्या देशाचं रोमिंग सिम ठेवा, त्याचा डेटा तिकडूनच फिरून येतो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप चालतं. हे विमानात बसायच्या आधी ठरवा.

शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगते. नुसतं ‘मांस नको’ म्हणाल तर इथे ‘मांस’ म्हणजे डुक्कर असं धरतात, मग कोंबडी येते. प्रत्येक गोष्ट वेगळी सांगावी लागते, चरबीसुद्धा. अंडं खाणारं मूल निभावून नेईल. कांदा-लसूणही न खाणाऱ्या मुलाला वसतिगृहात वर्षभर ठेवू नये असं मला वाटतं. यावरून मागच्या वेळी मला बरंच ऐकून घ्यावं लागलं, तरी तेच म्हणते.

आणि आता बॅग. गरम कपडे, आणि दक्षिणेला जाणाऱ्यांनी जास्त! उलटं वाटतं ना? पेइचिंगला 15 नोव्हेंबर ते 15 मार्च सरकारी हीटिंग असतं, घरात टी-शर्टवर बसतात. ती सोय छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला. नानजिंग त्या रेषेच्या खाली. जानेवारीत वर्गात मुलं कोट घालून बसतात, आणि हवा खेळावी म्हणून खिडकी उघडी. आतून घालायचे थर्मल दोन जोड. झाकणाची स्टीलची बाटली, कारण नळाचं पाणी पीत नाहीत, उकळलेलंच पितात. यजमानांसाठी भेट: पैठणीची पर्स, काजू, मसाल्याचा चहा, काहीही, पण घड्याळ नको. घड्याळ देणं हे चिनीत मरणाऱ्याला निरोप देण्यासारखं ऐकू येतं. दोन्ही हातांनी द्या, आणि त्यांनी समोर उघडली नाही तर हिरमुसू नका.

आईवडिलांसाठी एकच. फोन रविवारी येईल, आठवडाभर तो शाळेकडे जमा असतो. साधारण तिसऱ्या रविवारी मूल रडेल, ‘मला घरी यायचंय’ म्हणेल. माझ्या बहिणीनं त्या रात्री तिकीट शोधायला घेतलं होतं. मी तिला म्हटलं, अगं, तिचा पासपोर्ट निवास परवान्यासाठी कार्यालयात जमा आहे, मिळायला दोन आठवडे आहेत. दोन आठवड्यांनी पासपोर्ट घ्यायला मी भाचीला शाळेतून आणायला गेले, तर आमच्या भाचीबाई म्हणाल्या, मावशी, लवकर सोडा हं, चारला आमच्या वर्गाची बास्केटबॉलची मॅच आहे.