डावीकडं कललेली गाडी

[दृश्य : महामार्गालगतचं एक गॅरेज, सकाळ. पत्र्याच्या शेडसमोर पांढरी लांबलचक बस. मागून पाहिलं तर डावा कोपरा खाली.]

रात्री ही गाडी सरळ उभी होती. सकाळी मागचा डावा कोपरा चार बोटं खाली बसलाय. आत ओट्यावर ठेवलेली लिंबं घरंगळत सिंकमध्ये जाऊन पडलीत.

बाहेरून बस दिसते, पण आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. कोल्हापुरातल्या एका निवृत्त जोडप्याचं हे फिरतं घर. जुनी एअर सस्पेन्शनची बस घेतली, आरटीओची परवानगी काढून आतला सांगाडा बदलून घेतला. पुढचा बेत गगनबावड्याचा. इथून जेमतेम पंचावन्न किलोमीटर. तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी आणि मग समुद्र. पण कललेल्या गाडीनं घाट उतरायचा नसतो, हे काकांना माहीत आहे. म्हणून पहिला मुक्काम शिरोलीच्या अलीकडं, या गॅरेजात.

मिस्त्री गाडीला एक फेरी मारतात. वाकून बघतात. पहिला प्रश्न बिघाडाबद्दलचा नाहीच.

"काका, किती दिस उभी हुती?"

"पावसाळाभर. जूनपासनं."

"मग बराबर हाय."

[दृश्य : गाडीखालून. चाकाच्या आत काळा, जाड रबरी फुगा.]

साध्या ट्रकला कमानपाटे असतात, लोखंडाच्या पट्ट्यांची चवड. इथं त्या जागी हवा आहे. जाड रबराची नळी, आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर, वरून पोलादी प्लेट, खालून पिस्टन. गॅरेजात याला बलून म्हणतात. गाडी खड्ड्यात गेली की रबर पिस्टनवरून खाली गुंडाळत जातं आणि वर आली की उलगडतं. प्रवासात हे अखंड चालू असतं.

एवढ्याशा रबरावर बस उभी राहते कशी, याचा हिशोब शाळेतला आहे. बलूनचा वजन पेलणारा व्यास साधारण २५ सेंटीमीटर धरला, तर क्षेत्रफळ झालं ४९० चौरस सेंटीमीटर. आत ४ बार दाब, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ किलो. गुणाकार करा : जवळपास दोन टन. मागच्या अ‍ॅक्सलला असे चार बलून.

आपल्याकडं लांब पल्ल्याच्या प्रवाशांना या हवेची गोडी लागली ती २००१ साली व्होल्वोच्या बी-७-आर बस आल्यावर. त्या आधी रातराणीत झोप लागणं हा नशिबाचा भाग होता.

[दृश्य : प्लास्टिकच्या मगात साबणाचं पाणी, रंगकामाचा ब्रश.]

हवा कुठून जातेय हे आधी शोधायचं. गाडी बसली म्हणजे बलूनच फुटला असं नसतं. नळीचं फिटिंग ढिलं असतं, आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक झालेली असते, कधी गाडीची उंची सारखी राखणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह स्वतःच हवा सोडत राहतो. घाईनं बलून बदलला आणि दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा तशीच, असं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून इंजिन चालू करून हवेची टाकी भरायची, गाडी उचलू द्यायची, आणि मग हे पाणी.

मिस्त्रींच्या हाताखालचं पोरगं नळीच्या तोंडावर ब्रश फिरवतं. काही नाही. व्हॉल्व्हवर फिरवतं. तिथंही काही नाही. मग बलूनच्या खालच्या घडीत, पिस्टनच्या कडेला.

[दृश्य : अगदी जवळून.]

आधी एक बुडबुडा. मग मोहरीएवढ्या बारक्या बुडबुड्यांची ओळ, घडीच्या रेषेवर बोटभर लांब. फेस वाढत वाढत ओघळायला लागतो. हात लावला तर हवा जाणवतसुद्धा नाही. एवढ्या भेगेतून रात्रभरात गाडी चार बोटं बसते.

आणि नुकसान फक्त गाडी बसण्याचं नाही. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा हवा भरत राहतो, तापतो. त्याच्यामागचा एअर ड्रायर ओलावा शोषून थकतो, मग पाणी हवेच्या टाकीत उतरतं. ब्रेकही याच हवेवर चालतात. सस्पेन्शनच्या गळतीनं ब्रेकची हवा जाऊ नये म्हणून मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर गळती अंगावर काढणं शहाणपणाचं नाही.

[दृश्य : मिस्त्री जमिनीवर पाय ठोकून जागा बघतायत. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या ओढत आणल्या जातात.]

आता या कामातला खरा जोखमीचा भाग. तो बलून खोलण्याचा नाही.

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखालीही नाही. हवा सुटली की चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सरळ खाली येते आणि खाली माणूस मावेल एवढी जागा उरत नाही. म्हणून आधी पाण्याची टाकी रिकामी करायची. ५०० लिटर, म्हणजे अर्धा टन वजन तिथंच कमी झालं. गॅस सिलिंडर बंद. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मग जॅक लावायचा तो चॅसीच्या ठरलेल्या जागेला, आणि घोड्या चॅसीखाली, काँक्रीटवर. मुरमाच्या जमिनीवर घोडी रुतते. मिस्त्री घोडीवर गाडी टेकवून दोन्ही हातांनी बॉडीला जोरात ढकलतात. हलली नाही. मगच पोरगं खाली सरकतं.

"डोकं चॅसीखाली घालू नगंस. हात घाल, डोकं भाईर."

लेव्हलिंग व्हॉल्व्हची कांडी सोडवून व्हॉल्व्हचा हात खाली दाबला की बलूनमधली हवा फुस्स करून निघते. हा आवाज पूर्ण थांबेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. दाबाखालचा नट सोडवायला गेलेल्यांचे किस्से प्रत्येक गॅरेजात असतात. इथले ऐकवण्यासारखे नाहीत.

वरचे नट गंजलेत. आधीच तेल सोडून ठेवलं होतं, तरी एक हट्टानं फिरत नाही. पान्याला पाइप लावून, दोघांनी मिळून, कर्र करत तो सुटतो. खालचा बोल्ट मात्र सहज निघतो. बलून दाबून, तिरका करून बाहेर.

[दृश्य : निघालेला बलून पालथा. घडीतून वाळलेली तांबडी माती खाली पडते.]

इथं मिस्त्री थांबतात. नवीन बलून शेजारी खोक्यात आहे, पण त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत.

"बलून गेला म्हणून तुम्ही आलाय. पर का गेला, ते बघाय नको?"

घडीत अडकलेली माती जांभ्याची आहे, तांबडी, खरखरीत. मागच्या वर्षी गाडी राधानगरीकडं गेली होती, तिथली. मग पावसाळाभर गाडी उभी. हळूहळू हवा गेली, रबर दुमडून बसलं, माती घडीत तशीच राहिली. नंतर एक दिवस इंजिन चालू केलं, दाब भरला, आणि वाळलेल्या घडीतल्या मातीनं रबर घासलं. मोटरहोमचे बलून बहुतेक असेच जातात, पळून कमी आणि उभं राहून जास्त. रोज पळणाऱ्या बसचं रबर निदान हलतं तरी.

पण माती उजवीकडंही आहे. उजवीकडचे दोन्ही बलून ठणठणीत. मग डावाच का?

मिस्त्रींनी सकाळीच पाण्याची टाकी भरलेली असताना दोन्ही बाजूंना गेज लावून दाब बघून ठेवलेत. उजवीकडं ४ बार. डावीकडं साडेचार.

हा अर्धा बार म्हणजे काय? तोच शाळेतला गुणाकार : ४९० गुणिले अर्धा, गुणिले दोन बलून. डावी बाजू जवळजवळ पाचशे किलो जास्त ओढतेय. आणि हे आजवर कोणाला दिसलं नाही, कारण एअर सस्पेन्शनचं कामच ते आहे. एका बाजूला वजन वाढलं की व्हॉल्व्ह तिकडं जास्त हवा भरतो आणि गाडी सरळ करतो. पाट्यांची गाडी असती तर पहिल्याच दिवशी कलली असती, कोणीतरी बोललं असतं. हवेनं ते झाकून ठेवलं. गाडी दिसायला सरळ आणि डावा बलून कायम ताणलेला.

[दृश्य : काकू आतून सामान दाखवतायत.]

पाण्याची टाकी डावीकडं. फ्रिज डावीकडं. चार मोठ्या बॅटऱ्या, दोन सिलिंडर, ओटा, धान्याचे डबे, सगळं डावीकडं. उजव्या बाजूला पलंग, पडदे आणि मोठी खिडकी.

बसवायचं काम मात्र झटपट होतं. पिस्टनची बैठक तारेच्या ब्रशनं घासून गंज काढला, कड हातानं चाचपून बघितली, कारण तिथला एक कंगोरासुद्धा नवं रबर कापतो. डावीकडचे दोन्ही बलून बदलायचे ठरलं. दोघांचं वय एकच, एक गेला की दुसराही रांगेतच असतो. रबराला पीळ पडणार नाही असं बसवून, नट आधी हातानं, मग ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं. नळीचं टोक पात्यानं सरळ कापून फिटिंगमध्ये. तिरकी कापलेली नळी त्याच दिवशी गळते.

हवा भरतानाही गाडी घोड्यांवरच. थोडी थोडी. रबर पिस्टनवर चारही बाजूंनी सारखं गुंडाळलं गेलं का, हे टॉर्च मारून बघायचं. मोकळा बलून हातात धरून हवा भरून बघायचा मोह पोराला होतो. मिस्त्री डोळे वटारतात. वजनाशिवाय भरलेला बलून फाटू शकतो, आणि फाटताना समोर कोण आहे ते बघत नाही.

साबणाचं पाणी पुन्हा सगळीकडं. फेस नाही. घोड्या निघाल्या, गाडी चाकांवर आली, कांडी जोडली. चॅसी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर टेपनं मोजलं, दोन्हीकडं सारखं.

काका किल्ली मागतात. मिस्त्री देत नाहीत.

"बॅटऱ्या उजवीकडं घ्या. सिलिंडर बी. वायरी मी वाढवून देतो."

काकू खिडकीतून बोलतात, "ओटा हलणार नाही हं. आधीच सांगते."

"ओटा ऱ्हाऊ द्या काकू. फ्रिज?"

फ्रिजवर बराच वेळ चर्चा होते. शेवटी फ्रिज जिथल्या तिथं राहतो, पण धान्याचे डबे आणि काकांची हत्यारांची लोखंडी पेटी पलंगाखाली, उजवीकडं जाते. बॅटऱ्यांच्या नव्या वायरींसाठी पोरगं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिटाळलं जातं.

संध्याकाळी पाण्याची टाकी पुन्हा पूर्ण भरून गेज लावला. उजवीकडं ४.२, डावीकडं ४.३.

"एवढं चालतंय," मिस्त्री म्हणतात, आणि किल्ली काकांच्या हातात देतात.