धरणाच्या पाण्यावर फॅलारोप

काठावरच्या चिखलात टिलवे आणि तुतवार चोची खुपसत फिरताहेत. आपल्याला पाहायचंय त्यांच्या पलीकडे, खोल पाण्यात. तो करडा-पांढरा, इवलासा पक्षी. बदक नाही, एवढं नक्की. जागच्या जागी गिरक्या घेतोय आणि दर गिरकीला पाण्यात चोच मारतोय.

पोहणारा वेडर, म्हणजे एरवी काठच्या उथळ पाण्यात-चिखलात चरणारा पक्षी, दिसला की मनात फॅलारोपच येतो. पण शेकाटे, टिवळेही वेळ पडली तर पोहतात. फरक इतकाच, की ते लवकर काठाला लागतात. हा मात्र तासभर झाला, काठाकडे फिरकलेला नाही. डोळ्यामागचा काळा पट्टाही आता दिसतोय. फॅलारोपच!

गिरक्या उगाच नाहीत. गोल पोहताना तो वरचं पाणी बाजूला सारतो, खालचं वर येतं आणि त्यासोबत येतात बारीक जीव. त्याच्या बोटांना कातडीच्या झालरी असतात, वल्ही मारायला. घास गिळण्याची तऱ्हा तर त्याहून न्यारी. चोचीच्या टोकाला धरलेला थेंब, चोच किंचित उघडझाप केली की, भक्ष्यासकट तोंडाकडे सरकतो. पृष्ठताणाचं हे कोडं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं.

जगात फॅलारोप तीनच. लाल मानेचा, तांबडा आणि विल्सनचा. नावातले रंग विणीच्या हंगामातले. हिवाळी पिसाऱ्यात तिघेही करडे. लाल मानेचा १८-१९ सेंटीमीटरचा, तांबडा २०-२२. मोकळ्या पाण्यावर, शेजारी मोजायला काही नसताना, हा फरक ओळखल्याचं कुणी सांगितलं तर मी तरी मान डोलावणार नाही.

चोच बघा. तांबड्याची जाडसर, टोकापर्यंत जवळपास तेवढीच. याची सुईसारखी. पाठीचीही खात्री करायला हवी, पण समोरून ऊन येतंय तोवर सगळीच पाठ काळी. कॅमेरा दुसऱ्या काठावर हलवला. आता पाठीवरच्या फिकट रेघा स्पष्ट आहेत. तांबड्याची हिवाळी पाठ सपाट, फिकट करडी असते. तांबडा बाद.

राहिला विल्सनचा. त्याची चोचही बारीकच, पण अधिक लांब. पण एवढ्यावर निवाडा नको. खात्री पंखावरच्या पट्टीवरून होईल. त्यासाठी पंख उघडायला हवेत, आणि उडवायला जवळ जाणं आम्हाला मान्य नाही.

लाल मानेचा फॅलारोप एरवी समुद्राचा. उत्तर ध्रुवाजवळ वीण, हिवाळा भर समुद्रात, अरबी समुद्रातही. मधली जमीन ओलांडताना असं एखादं पाणी विसाव्याला मिळतं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर जिओलोकेटर, म्हणजे प्रवासाचा माग नोंदवणारं इवलं यंत्र, लावलेला एक लाल मानेचा फॅलारोप तर थेट पॅसिफिकमध्ये हिवाळा काढून परतला होता.

वरून एक ससाणा गेला. काठावरचा थवा उठला, त्याच्यासोबत हाही. चित्र थांबवून पाहा: गडद पंखावर ठळक पांढरी पट्टी. विल्सनच्या पंखावर ती नसते. नोंदवहीत तारीख, वेळ, प्रकाशाची दिशा आणि नाव लिहिलं: लाल मानेचा फॅलारोप.