चिलखताची किंमत

नमस्कार श्रोतेहो.

रात्री उशिरा स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि कोपऱ्यात पांढरंशुभ्र झुरळ दिसलं, असं तुमच्यापैकी काहींच्या बाबतीत नक्की झालं असेल. डोळे तेवढे काळे, बाकी सगळं अंग पांढरं. पुष्कळांना वाटतं, ही झुरळाची वेगळीच जात दिसते, नाहीतर त्याला काही रोग झालाय. तसं काही नसतं. ते नेहमीचंच झुरळ असतं, नुकतीच कात टाकलेलं. काही तासांनी ते पुन्हा तपकिरी झालेलं असतं. जवळपास शोधलंत तर त्याचं रिकामं टरफलही सापडेल, पण बहुधा अर्धवट. कारण टाकलेली कात झुरळ बरेचदा स्वतःच खाऊन टाकतं.

आज मी बोलणार आहे ते या टरफलाबद्दल, आणि ओघाने इतर प्राण्यांच्या कातडी, शंख, खवले, काटे यांच्याबद्दल. कवच म्हणजे संरक्षण हे आपण शाळेत शिकतो. ते खोटं नाही. पण त्या संरक्षणाची किंमत प्राण्याला कशी मोजावी लागते, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.

आपली हाडं आत आणि मांस बाहेर. कीटकांचं उलट. त्यांचा सांगाडाच बाहेर असतो आणि स्नायू त्याला आतून चिकटलेले असतात. या सांगाड्याखाली जिवंत त्वचा असते ती जेमतेम एका पेशीच्या जाडीची. तिच्यावरचं सगळं आवरण तिनेच स्रवलेलं असतं. त्यातला एक मुख्य घटक म्हणजे कायटिन, शर्करेच्या रेणूंपासून बनलेल्या लांबच लांब साखळ्या. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांना १८११ साली हा पदार्थ पहिल्यांदा सापडला, पण कीटकात नव्हे, अळंबीत! भुंगेऱ्याची पाठ आणि अळंबीची छत्री यांत हे द्रव्य सामाईक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कायटिन असलं की कवच कठीण होतं, असं पाठ्यपुस्तकं सर्रास सांगतात. मग मऊ लुसलुशीत सुरवंटाचं काय? त्याच्या कातडीतही कायटिन असतंच की. कठीणपणा येतो तो कायटिनसोबतच्या प्रथिनांमुळे. ही प्रथिनं काही रसायनांनी एकमेकांना पक्की जखडली गेली की आवरण टणक होतं आणि बहुधा त्याच वेळी गडदही होतं. पांढरं झुरळ तपकिरी होतं ते यामुळेच. खेकड्यांच्या कवचात याशिवाय चुनाही भरलेला असतो. काही मुंग्यांच्या आणि टोळांच्या जबड्यांच्या धारेत तर चक्क जस्त सापडतं.

या कवचाची बांधणी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखी असते. कायटिनच्या तंतूंचे थरांवर थर असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवून बसवलेला असतो. त्यामुळे तडा गेलाच तर तो सरळ आरपार जाऊ शकत नाही. दर थराला त्याला दिशा बदलावी लागते आणि त्यातच त्याचा जोर संपतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात एक भुंगेरा आहे, त्याचं इंग्रजी नावच मुळी ‘सैतानी पोलादी भुंगेरा’ अशा अर्थाचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो आपल्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट भार सहन करतो. त्याच्या पाठीवरच्या दोन झाकणांच्या कडा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दाब वाढला की त्या एकदम न तुटता थराथराने सुटत जातात. पण ही झाकणं म्हणजे मुळात पुढचे पंख. ती कायमची मिटली, म्हणून हा भुंगेरा उडू शकत नाही. घ्या, किंमत मोजली.

पण शत्रूचे दात ही कीटकाची सगळ्यात मोठी काळजी नसते. त्याला खरी भीती असते ती सुकून जाण्याची. शरीर जितकं लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोठं, आणि तेवढं पाणी लवकर उडून जाणार. म्हणून कवचाच्या अगदी बाहेरच्या बाजूला मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४५ साली याबद्दलचे सुंदर प्रयोग प्रसिद्ध केले. खरखरीत, बारीक भुकटीवरून कीटक चालू लागला की तो थर खरवडला जातो आणि कीटक भराभर वाळतो. त्या भुकटीत विष काहीच नसतं. धान्यातल्या किडींसाठी वापरतात ती डायॅटम मातीही याच वाटेने काम करते: मेण निघून जातं आणि कीड तहानेने मरते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ या. कवच एकदा टणक झालं की ताणत नाही. मग आतला जीव वाढणार कसा? उपाय एकच, जुनं कवच सोडायचं. आणि हे काम आपण कपडे बदलतो तितकं सोपं नाही.

आधी जिवंत त्वचा जुन्या आवरणापासून सुटते. मधल्या फटीत एक द्रव पाझरतो. त्याच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जुन्या कवचाचा आतला मऊ भाग विरघळवतात आणि विरघळलेला माल कीटक परत शोषून घेतो. काटकसर म्हणावी तर अशी! त्याच वेळी खाली नवं आवरण तयार होत असतं. ते जुन्यापेक्षा मोठं, पण जागा तेवढीच, म्हणून चुण्या घालून बसवलेलं. मग कीटक हवा गिळून फुगतो, अंग आवळतो, आणि जुनं कवच पाठीवरच्या ठरलेल्या कमकुवत रेषेवर उकलतं. आधी पाठ बाहेर येते, मग डोकं, मग एकेक पाय, आणि मिशांचं शेवटचं टोकसुद्धा.

हे एवढ्यावर संपत नाही. कीटकाच्या श्वासनलिकांना आतून अस्तर असतं, आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागालाही असतं, आणि तेही याच आवरणाचा भाग. ते सगळं सोबत बाहेर ओढावं लागतं. झाडावर कर्कश आवाज करणाऱ्या सिकाडा नावाच्या कीटकाचं, खोडाला चिकटलेलं रिकामं टरफल कधी मिळालं तर पाठीच्या फटीतून आत डोकावून बघा. आत पांढरे दोरे लोंबताना दिसतात. ती त्याच्या जुन्या श्वासनलिकांची अस्तरं! म्हणजे कात टाकताना थोडा वेळ श्वासाचेही वांधे असतात. पुष्कळ कीटक मरतात ते याच वेळी. एखादा पाय अडकला, हवा फार कोरडी असली, मुंग्या नेमक्या तेव्हा आल्या, की कारभार आटोपला.

हे सगळं सुरू करायची आज्ञा देतं ते एक संप्रेरक, एक्डायसोन. आडोल्फ बुटेनांट आणि पीटर कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष खर्ची पडले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. एवढ्याशा द्रव्याच्या इशाऱ्यावर अख्खा जीव आपली कातडी सोडून बाहेर येतो.

याला पळवाटा आहेत का? एक आहे, वाळवीच्या राणीची. तिचं पोट अंड्यांनी इतकं फुगतं की काही जातींत ती बोटाएवढी लांब होते. तिचा फोटो नीट पाहिलात तर त्या फिकट पोटावर आडवे तपकिरी पट्टे दिसतील. पोट फुगण्याआधी त्या पट्ट्या एकमेकींना जवळजवळ भिडलेल्या होत्या आणि तेच तिचं पोटाचं कवच होतं. पट्ट्या आहेत तेवढ्याच राहिल्या, मधली मऊ कातडी मात्र वाढत गेली. बदल्यात राणीला धड चालताही येत नाही.

खेकड्याची तऱ्हा कीटकासारखीच, फक्त तो हवेऐवजी पाणी शोषून फुगतो आणि कवच टणक होईपर्यंत दगडाआड दडून राहतो. त्याचे नातेवाईक क्रेफिश कात टाकण्यापूर्वी जुन्या कवचातला थोडा चुना काढून पोटात खड्यांच्या रूपात साठवतात आणि नंतर वापरतात. खेकड्याचा तुटलेला पाय परत येतो तोही कात टाकतानाच.

शंख-शिंपल्यांनी निराळा तोडगा काढला. गोगलगाय शंख टाकत नाही, त्याच्या तोंडाशी भर घालत जाते. म्हणून शंखाचं टोक म्हणजे ती जन्मली तेव्हाचं तिचं घर. हिंदी महासागराच्या तळाशी, उकळत्या पाण्याच्या झऱ्यांजवळ २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या शंखावर लोहाच्या सल्फाइडचा थर असतो आणि पायावर तसलेच खवले. कासवाबद्दल मात्र लोकांच्या मनात अजून घोळ आहे. ते कवचातून बाहेर येऊ शकत नाही. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच कवचात जोडलेला असतो, आणि कवचाला हात लावलेला त्याला कळतो.

साप कात टाकतो ती आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. बनियन उलटं काढावं तशी ती निघते. डोळ्यांवरची पारदर्शक झाकणंसुद्धा त्या कातीत असतात. कात निघायच्या आधी काही दिवस सापाचे डोळे निळसर, धूसर दिसतात, आणि त्या काळात त्याला दिसतंही कमी. साप तेव्हा जास्त बिथरतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. आपणही कात टाकतोच, पण कण-कण करून. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

बेडूक या सगळ्यांच्या उलट टोकाला. त्याच्या कातडीतून श्वास चालतो आणि पाणीही तो कातडीनेच पितो. एवढं उघडं राहणं म्हणजे धोका आलाच. १९९९ साली नाव मिळालेली एक बुरशी बेडकांच्या कातडीत वाढते, रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि हृदय बंद पडतं. जगभर बेडकांच्या कित्येक जाती तिने संपवल्या. मग कीटक चिलखतामुळे वाचतो का? नाही. इटलीच्या आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली दाखवून दिलं, की रेशीमकिड्यांचा पांढरा रोग बुरशीमुळे होतो. ती बुरशी पोटातून जात नाही. कवचावर रुजते आणि ते विरघळवत थेट आत घुसते.

आफ्रिकी हत्तीच्या कातडीबद्दल एकच सांगतो. तिच्यावरच्या बारीक भेगा म्हणजे म्हातारपण नव्हे. घाम जवळजवळ न येणाऱ्या या प्राण्याच्या अंगावर त्या भेगांमध्ये पाणी आणि चिखल टिकून राहतो. सपाट कातडीपेक्षा पाच ते दहा पट जास्त, असं २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं.

वेळ संपत आली, तेव्हा साळिंदराविषयी बोलून थांबतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. साळिंदर काटे फेकून मारतं का? नाही. काटे म्हणजे बदललेले केस, आणि ते फेकायची काही सोय त्याच्याकडे नाही. शत्रू आला की ते आधी काटे फुलवतं, शेपटीचे पोकळ काटे खडखड वाजवतं. तेवढ्याने भागलं नाही तर पाठ वळवून उलट्या पावलांनी शत्रूच्या अंगावर धावून जातं. काटे सैल बसवलेले असल्याने ते समोरच्याच्या अंगात रुतून राहतात, आणि साळिंदराला त्या जागी नवे येतात. नमस्कार.