सोवळ्यातला सुडो

नमस्कार मंडळी.

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आजी सोवळ्यात असायची. मुकटा नेसून ती एकदा स्वयंपाकघरात शिरली की अंगावर बाहेरचं काही न्यायची सोय नसे. रेशीम चाले, लोकरीची धाबळी चाले, वापरातलं सुती मात्र उंबऱ्याबाहेर. यादी कुणी ठरवली, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती. त्या सोवळ्याची बाजू घ्यायला मी आज बसलेलो नाही. त्याच्या नावाखाली माणसांनाही बाहेर ठेवलं गेलं, हे मला चांगलं माहीत आहे. पण लिनक्सचे सर्व्हर सांभाळणारा माणूस मी. दिवसातून पन्नास वेळा जी आज्ञा देतो, तिचं वागणं बघून मला आजीच आठवते. ती आज्ञा म्हणजे सुडो. एस, यू, डी, ओ. कुणी सुडू म्हणतं, कुणी सुडो. इंदुरात तुम्ही काहीही म्हणा, काम अडत नाही.

मशीनचा मालक असतो रूट. आपण साधे वापरकर्ते. साधं काम असेल तर ठीक, पण नवा प्रोग्राम बसवायचा, सिस्टिमची फाइल बदलायची, की रूटचा अधिकार लागतो. आज्ञेच्या आधी सुडो लावलं की तेवढ्या आज्ञेपुरता तो मिळतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी हा प्रोग्राम लिहिला.

आता गोष्ट. माझा भाचा एका संस्थेत संगणकाची लॅब सांभाळतो. नाव घेत नाही, त्याची नोकरी आहे. वीस मशीन, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आणि इंटरनेट थेट नाही, प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरमधून. एका शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, नेट चालू आहे, पण अपडेट होत नाही." मी म्हटलं, पोहे तयार ठेव, येतो.

गेलो. त्याने दाखवलं. कर्ल या आज्ञेने एखादं वेबपान मागवलं की झटकन येतं. पण सुडो ॲप्ट अपडेट दिलं (ॲप्ट म्हणजे प्रोग्राम बसवणारा, अपडेट करणारा प्रोग्राम) की शून्य टक्के, कनेक्टिंग, आणि तिथेच बसून. प्रॉक्सीचा पत्ता त्याने बॅशआरसी या आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट केला होता, एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी या नावाने, लहान अक्षरांत. लहान अक्षरं मुद्दाम सांगतो. हे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं तर कर्ल त्याकडे बघतही नाही.

अशा नाव-किंमत जोड्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना त्या जोड्यांची शिदोरी त्याला आपल्या जन्मदात्या प्रोग्रामकडून मिळते. मी म्हटलं, "अरे, सुडो शिदोरी काढून घेतो." भाचा म्हणाला, "नाही मामा, मी तपासलंय." आणि त्याने माझ्यासमोर टाइप केलं: सुडो इको डॉलर एचटीटीपी अंडरस्कोर प्रॉक्सी. पत्ता छापून आला. "बघा. जातोय ना आत?"

मंडळी, पेन्सिल असेल तर इथे खूण करा, कारण या एका ओळीने चांगल्या चांगल्यांना फसवलं आहे. मलाही फसवलंय. आपण एन्टर दाबतो तेव्हा ती ओळ आधी शेल वाचतं, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, आपला बॅश. डॉलर दिसला की बॅश लगेच त्या जागी किंमत भरतो. तो बॅश आपला, शिदोरी आपली. मग तयार झालेली ओळ सुडोच्या हातात पडते, आणि तोवर तिच्यात डॉलर उरलेलाच नसतो, नुसता पत्ता असतो. इको बिचारा ऐकलेलं बोलून दाखवतो. म्हणजे भाच्याने साक्ष घेतली ती उंबऱ्याबाहेरच्या माणसाची, आणि निकाल दिला स्वयंपाकघराचा.

खरी साक्ष अशी घ्यायची: सुडो प्रिंटएन्व्ह, आणि पुढे व्हेरिएबलचं नाव, डॉलरशिवाय. आता नावाचा शोध आत, रूटच्या बाजूला होतो. भाच्याने दिलं. काही छापलं नाही. रिकामी ओळसुद्धा नाही. पोरगा दोन सेकंद स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग पोह्यांवर जिरावण टाकायला उठला.

सुडोची यादी असते, सुडोअर्स नावाच्या फाइलमध्ये. तिच्यात एन्व्ह रिसेट हा नियम चालू असतो, म्हणजे आत शिरताना आधीची शिदोरी बाहेर ठेवायची. जे न्यायची मुभा आहे ते एन्व्ह कीपमध्ये लिहायचं. ही आपली रेशीम आणि धाबळी. आणि हा नुसता हट्ट नाही. काही व्हेरिएबल असे असतात की ते प्रोग्रामला सांगतात, आधी माझी ही लायब्ररी उघड. आपल्या घरात हे चालतं. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला कुणीही येऊन असं सांगू लागला तर मशीन त्याचंच झालं. २०१४ च्या सप्टेंबरात बॅशमध्ये शेलशॉक नावाचं भगदाड सापडलं, ते याच वाटेचं होतं. व्हेरिएबलच्या किंमतीत दडवलेली आज्ञा बॅश सुरू होतानाच चालवून टाकायचा.

मग लॅबचं काय केलं? सोपी वाट होती, सुडो, उणे, मोठं ई. म्हणजे सगळं सामान घेऊन आत. मला ती आवडत नाही; घाईत एकदा ठीक, सवय नको. त्यापेक्षा उणे-उणे प्रिझर्व्ह-एन्व्ह, बरोबरचं चिन्ह, आणि हवं तेवढंच नाव. पण ॲप्टसाठी याहून बरी जागा आहे. ॲप्टच्या स्वतःच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये, इटीसी, ॲप्ट, ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी, एक छोटी फाइल टाकून तिथे प्रॉक्सी लिहिली की कुणाची शिदोरी लागतच नाही. आम्ही तेच केलं. बाकी प्रोग्रामांसाठी ताज्या डेबियन (उबुंटूचा थोरला भाऊ) आणि उबुंटूच्या सुडोअर्समध्ये प्रॉक्सीची एन्व्ह कीप ओळ तयारच आहे, पुढे हॅश लावून झाकलेली. हॅश काढायचा, बस.

पण ती फाइल साध्या एडिटरने उघडू नका. व्हीआयसुडो वापरा. तो जतन करण्याआधी चूक पकडतो. एक चुकीची ओळ गेली तर सुडोच बंद पडू शकतो, जुन्या आवृत्त्यांत तर हमखास, आणि ती चूक दुरुस्त करायला लागतो सुडो. आणि माझी स्वतःची फजिती ऐका. मूळ फाइलला हात नको म्हणून मी सुडोअर्स डॉट डी फोल्डरमध्ये नवी फाइल केली, नाव ठेवलं प्रॉक्सी डॉट कॉन्फ. काहीच फरक पडेना. तक्रार नाही, इशारा नाही. दोन तास गेले. त्या फोल्डरमधल्या ज्या फाइलच्या नावात टिंब असतं ती सुडो वाचतच नाही, हे मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं आहे. मॅन्युअल मी तिसऱ्या तासाला उघडलं.

आणखी एक रड नेहमी ऐकू येते. प्रोग्राम मी चालवला तर चालतो, सुडोने चालवला तर "कमांड नॉट फाउंड". तिथे मामला पाथचा. पाथ म्हणजे प्रोग्राम शोधायच्या गल्ल्यांची यादी. आपली यादी आपल्या घरातल्या फोल्डरांपर्यंत जाते; सुडो स्वतःची ठरलेली यादी लावतो, सिक्युअर पाथ. राजवाड्याकडून सराफ्यात जाणारा रस्ता त्याच्या नकाशात आहे, तुमच्या घरामागचं बोळ नाही. मोठं ई लावूनही इथे उपयोग नाही, कारण सिक्युअर पाथ त्याच्यावरही मात करतो. प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या, काम होतं.

होमचं, म्हणजे वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरचा पत्ता सांगणाऱ्या व्हेरिएबलचं, मात्र जरा विचित्र आहे. उबुंटूच्या १९.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत सुडो लावलं तरी होम तुमचंच राहायचं. त्यामुळे खिडकीवाला एखादा प्रोग्राम सुडोने चालवला की तो तुमच्याच घरात रूटच्या मालकीच्या फायली करून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्राम तुम्हाला तुमचं सेटिंग बदलू देत नसे. जुन्या मशीनवर अजून हे भेटतं. चोन लावून मालकी परत घ्यावी लागते.

रूटच्याच घरात जाऊन बसायचं असेल तर सुडो उणे लहान आय. तिथे रूटची शिदोरी, रूटचं होम. उणे एस दिलं तर शेल मिळतं, पण रूटची लॉगिनची सेटिंग वाचली जात नाहीत.

रात्री नऊला विसाव्या मशीनचं अपडेट संपलं. निघताना भाचा म्हणाला, "मामा, रात्रीचा बॅकअपपण रोज फसतोय. तो तर सुडोने नाही चालत, रूटच्या क्रॉनमधून चालतो." क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम. स्क्रिप्ट उघडली. सुरुवातीलाच एका प्रोग्रामचं नुसतं नाव, पत्ता नाही, आणि तो प्रोग्राम बसवलेला ऑप्ट फोल्डरमध्ये. वापरकर्त्याच्या, इथे रूटच्या, क्रॉनटॅबला (क्रॉनच्या कामांच्या यादीला) पाथ मिळतो दोनच गल्ल्यांचा, यूएसआर बिन आणि बिन. आपली बॅशआरसी तो वाचत नाही. नावाआधी पूर्ण पत्ता घातला आणि दिवे मालवून निघालो. रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला, बॅकअपच्या फाइलचा आकार लिहिलेला. नमस्कार.